दोन ठोक्यांमधली जागा

‘ताई, जरा डाव्या कुशीवर वळा. हां, असंच. आता श्वास सोडून द्या आणि थोडं थांबा.’

मेडिसिन शिकवण्यात माझी तीसेक वर्षं गेली. रुग्णांशी बोललेल्या सगळ्या वाक्यांत मला हे वाक्य फार प्रिय आहे. कारण त्यानंतर हातात येणाऱ्या पाच-सहा सेकंदांत शरीरातला एक अतिशय नाजूक आवाज कानावर पडण्याची शक्यता असते. हृदयाच्या डाव्या बाजूची दोन पाकळ्यांची झडप अरुंद झाली की तो उठतो. या आजाराला आम्ही मायट्रल स्टेनोसिस म्हणतो. ही झडप निरोगी असताना तिचं तोंड 4 ते 6 चौरस सेंटिमीटर उघडतं. ते दीडवर आलं की आजार गंभीर. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, काहींचे त्यामागून सांधे सुजतात. घरचे ते विसरूनही जातात. पाकळ्यांच्या कडा मात्र पुढे वर्षानुवर्षं एकमेकींना चिकटत राहतात. श्रीमंत देशांतल्या विद्यार्थ्याला हा आजार आता क्वचितच भेटतो. आपल्याकडच्या सरकारी वॉर्डात अजून भेटतो, आणि पुष्कळदा तो एखाद्या तरुण बाईच्या रूपात भेटतो.

मी जिच्याविषयी लिहितो आहे ती चोवीस वर्षांची होती, सहावा महिना चालू होता. हंडा उचलला की दम लागायचा, रात्री आडवं झालं की धाप लागून उठून बसावं लागायचं. दोन ठिकाणी दाखवून आली होती. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं होतं, पोटुशीला धाप लागायचीच. कोणी छातीला स्टेथोस्कोप लावला नव्हता. याचा मला आजही राग येतो, कारण गरोदरपण ही या झडपेची सगळ्यात कठोर परीक्षा असते. अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, हृदय जलद चालू लागतं, आणि इतकी वर्षं गुपचूप निभावून नेलेलं ते अरुंद दार आता पुरेनासं होतं. कितीतरी बायकांना आपल्याला हा आजार आहे हे पहिल्या बाळंतपणाच्या वेळीच कळतं.

तपासणी मनगटापासून सुरू होते. विद्यार्थ्याला छातीकडे धाव घ्यायची घाई असते, त्याला मी आधी नाडीवर थांबवतो. हिची नाडी मिनिटाला 112, बारीक, पण नियमित. ‘बारीक’ हा शब्द इथे मोजमापाचा नाही, बोटाचा आहे. शार्ङ्गधरसंहितेने वाताची नाडी साप आणि जळवेच्या चालीने जाते असं सांगितलं, पित्ताची बेडकाच्या, कफाची हंसाच्या. त्या निदानशास्त्राशी आजच्या वैद्यकाचं जुळत नाही, पण ती उपमा शोधणारी गरज मला पुरती ओळखीची वाटते. बोटाला जे कळलं ते दुसऱ्याच्या बोटापर्यंत पोचवायचं तर एखादा प्राणी, एखादी वस्तू मध्ये आणावीच लागते. मग दुसरं मनगट, मग जांघ. जांघेतला ठोका मनगटाच्या मागून आला तर महाधमनी वाटेत कुठेतरी आवळलेली आहे, हे एवढ्यावरून समजतं. हिचे सगळे ठोके बरोबर येत होते.

नंतर मान. खाटेचं डोकं 45 अंशांवर, मान किंचित डावीकडे, आणि खिडकीचा उजेड बाजूने तिरका. उजव्या बाजूला कातडीखाली एक लाट हलते. रोहिणीचा ठोका बोटाला लागतो. नीलेची ही लाट बोटाला सापडत नाही, ती डोळ्यालाच दिसते. आणि बाहेर येण्यापेक्षा आत ओढली जाताना ती जास्त स्पष्ट दिसते, हे कळायला मला स्वतःला वर्ष-दीड वर्ष लागलं. इंग्लंडमधल्या बर्न्ली गावात जेम्स मॅकेन्झी नावाचे एक साधे कुटुंबवैद्य होते. तेच रुग्ण वर्षानुवर्षं त्यांच्याकडे येत, आणि ते त्यांच्या मानेतल्या लाटा कागदावर उतरवून ठेवत. 1902 साली नाडीवरचं त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी टिपलेली एक गोष्ट मला विलक्षण वाटते. मायट्रल स्टेनोसिसच्या रुग्णाची नाडी कायमची बेताल झाली की मानेतली एक लाट नाहीशी होते, आणि त्याच वेळी छातीतल्या आवाजाचं शेवटचं टोकही नाहीसं होतं. दोन्ही वरच्या कप्प्यांच्या आकुंचनातून येतात, लाट उजव्या कप्प्याच्या आणि आवाजाचं टोक डाव्या. मान आणि छाती एकमेकींची साक्ष काढतात ती अशी.

आता तळहात. डाव्या स्तनाखाली, बरगड्यांमधल्या पाचव्या फटीत, हृदयाचं टोक शोधायचं. (गरोदरपणात ते थोडं वर आणि बाहेर सरकलेलं असतं.) निरोगी टोक तळहाताला हलकेच उचलतं. हिचं टोक उचलत नव्हतं, आतून नखाने टिचकी मारावी तसं लागत होतं. ती टिचकी म्हणजे हाताला जाणवलेला हृदयाचा पहिला आवाज. आणि टिचकीच्या आधी, तळव्याच्या मऊ भागाला, एक बारीक थरथर लागत होती. स्टेथोस्कोपचे जनक लाएनेक यांनी या थरथरीला मांजरीच्या घुरघुरीची उपमा दिली. दोनशे वर्षं झाली, तिच्याहून चांगली उपमा कोणाला सुचलेली नाही. मांडीवर बसलेल्या मांजरीच्या पाठीवर एकदा हात ठेवलेला माणूस ही थरथर चुकवणार नाही.

याच लाएनेकनी 1816 साली पॅरिसमध्ये एका तरुण बाईच्या छातीवर कागदाची घट्ट गुंडाळी टेकवली आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. छातीला थेट कान लावणं त्या काळी तिच्या वयामुळे बरं दिसलं नसतं. हृदयाच्या दोन आवाजांचा अर्थ लावताना मात्र ते चुकले. दुसरा आवाज वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा, असं ते समजले. तो झडपा मिटण्याचा, हे नंतरच्यांनी सिद्ध केलं. ऐकण्यात ते चुकले नव्हते. अर्थ लावण्यात माणूस चुकतो, पण ऐकलेलं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं असेल तर पुढच्याला तिथून चालता येतं.

आणि आता डाव्या कुशीवर वळण्याचं ते वाक्य. कूस बदलली की हृदयाचं टोक छातीच्या भिंतीला टेकतं. गरोदर बाईला एरवीही आपण डाव्या कुशीवरच निजायला सांगतो. तिला सोयीची तीच बाजू वैद्याच्या कानालाही सोयीची, हा योग मला नेहमी सुखावतो. स्टेथोस्कोपची चपटी बाजू इथे उपयोगाची नाही, घंटेची बाजू घ्यायची. ती दाबायची नाही, नुसती ठेवायची, कडेभोवती फट राहणार नाही इतपतच. दाबली की खालची कातडी ताणून तिचाच पडदा होतो आणि खर्जातले आवाज गाळले जातात. शिकाऊ हात इथेच चुकतो. ऐकू येत नाही म्हणून तो दाबतो, आणि दाबतो म्हणून ऐकू येत नाही.

आधी पहिला आवाज. तो धाडकन येतो. वाड्याचं दार अर्धवट लोटलेलं असेल तर वाऱ्याने हळूच मिटतं. सताड उघडं असेल तर दणका देतं. अरुंद झडपेच्या मागे रक्त तुंबलेलं असतं, ते पाकळ्यांना शेवटच्या क्षणापर्यंत उघडं धरून ठेवतं, आणि मग त्या दुरून येऊन आपटतात. म्हणून हा दणका शुभवर्तमानही असतो. पाकळ्या अजून लवचीक आहेत, त्यांच्यात चुना भरलेला नाही, असं तो सांगतो. मग दुसरा आवाज. आणि त्याच्या मागोमाग, 0.04 ते 0.12 सेकंदांच्या आत, एक खणखणीत छोटा ‘टक्’. झडप उघडताना तिच्या जुळलेल्या पाकळ्या शिडासारख्या ताणल्या जातात, त्याचा हा आवाज. ओपनिंग स्नॅप. निरोगी झडप उघडताना आवाज करत नाही. दुसरा आवाज आणि हा ‘टक्’ यांच्यामधलं अंतर जितकं कमी, तितकं मागे तुंबलेल्या रक्ताचं दडपण जास्त, तितकी झडप अरुंद. एका सेकंदाच्या दहाव्या भागातला फरक कान मोजतो! घड्याळाला विचारलं तर तो कुठल्या कुठे निघून गेलेला असतो.

या ‘टक्’नंतर जे सुरू होतं ते ऐकायला मी आयुष्यभर थांबत आलो आहे. खोल, खरखरीत, सावकाश घरंगळणारी घरघर. शेजारच्या खोलीत पहाटे जातं फिरत असावं तशी. आणि पुढचा पहिला आवाज जवळ आला की वरचा कप्पा शेवटचा जोर लावतो, घरघर चढते, आणि थेट दणक्यात जाऊन बुडते. पॉल-लुई द्युरोझिए या फ्रेंच वैद्याने 1862 मध्ये हे सगळं अक्षरांत बांधलं: ‘फूत् – त – त – रू’. ‘फूत्’ म्हणजे ती चढती घरघर आणि दणका, पहिला ‘त’ म्हणजे दुसरा आवाज, पुढचा ‘त’ म्हणजे झडप उघडतानाचा ‘टक्’, ‘रू’ म्हणजे जातं. फ्रान्समधल्या वॉर्डात बसून त्या माणसाने जे केलं त्याला आपण तबल्याचे बोल म्हणतो. मी विद्यार्थ्यांना आधी हा बोल तोंडाने म्हणायला लावतो. तोंडात बसला की कानात बसतो.

महाधमनीची झडप गळू लागली की अंगभर गाजावाजा होतो. मनगटात नाडी उसळून कोसळते, नखाखालची गुलाबी रेघ ठोक्याठोक्याला पुढेमागे होते, मान डुलते. मान डुलण्याच्या या खुणेला फ्रेंच कवी आल्फ्रेद द म्युसे यांचं नाव आहे, कारण त्यांचीच मान तशी डुलत असे. परीक्षेत विद्यार्थ्यांना ही केस आवडते, खुणांची नावं धडाधड सांगता येतात. मला तिच्याविषयी आदर आहे, पण ओढ मायट्रलची. कारण ही केस ठोक्यात काही सांगत नाही, दोन ठोक्यांच्या मध्ये सांगते. गवयाने घेतलेल्या ‘जागे’ला दाद द्यायला समेपलीकडे लक्ष असावं लागतं. हृदयाचंही तसंच. मिनिटाला 75 ठोक्यांच्या चालीत एक आवर्तन 0.8 सेकंदाचं असतं. त्यात आकुंचनाला साधारण 0.3 जातात, उरलेले 0.5 विसाव्याचे. या विसाव्यात हृदय रिकामं बसत नाही, भरून घेत असतं. अरुंद झडपेच्या रुग्णाचं सगळं दुःख इथे साठलेलं असतं. दार लहान, म्हणून भरायला वेळ हवा. आणि ठोके जलद झाले की आकुंचनाचा वेळ फारसा कमी होत नाही, विसावाच कापला जातो. रक्त मागे फुप्फुसात तुंबतं आणि बाई रात्री उठून बसते.

गरोदरपणात निरोगी हृदयही बोलकं होतं, हे सांगायला हवं. पहिला आवाज मोठा होतो, आकुंचनाच्या वेळी मऊ मर्मर येते, एखाद वेळी तिसरा आवाजही. त्याने घाबरायचं कारण नसतं. पण विसाव्यातली मर्मर ‘गरोदरपणामुळे’ म्हणून सोडून द्यायची नसते. ही एक ओळ त्या दोन ठिकाणी कोणाला आठवली असती तर!

माझ्या विद्यार्थिनीला त्या दिवशी काही ऐकू आलं नाही. तिने दणका ऐकला, बाकी सगळं 112 च्या घाईत एकमेकांवर चढलेलं होतं. ती रडवेली झाली. मी तिला दोष दिला नाही, जागाच इतकी चिंचोळी होती. इकोने झडप 1.1 चौरस सेंटिमीटर दाखवली. मोजमापात इकोची बरोबरी कान करणार नाही, पण इकोच्या टेबलापर्यंत बाईला कोणीतरी पाठवावं लागतं, आणि ते काम कानाचं. उपचार सुरू झाला. पाणी कमी करणारं औषध, आणि ठोके सावकाश करणारी गोळी. फुग्याने झडप रुंद करायची सोय हाताशी होती. 1984 मध्ये जपानच्या कांजी इनोए यांनी आपला फुगा पुढे आणल्यापासून अशा कित्येक बायकांची छाती उघडायची वेळ टळली आहे. पण आधी गोळीवर काय होतं ते पाहायचं ठरलं. त्या गोळीने झडप एका मिलिमीटरनेही रुंद होत नाही. ती फक्त विसावा लांबवते.

पाचव्या दिवशी नाडी 76 होती. बाई रात्रभर आडवी झोपली होती, हे तिने आम्ही विचारायच्या आधीच सांगितलं. मी विद्यार्थिनीला पुढे केलं. ‘ताई, डाव्या कुशीवर वळता का?’ ती म्हणाली. घंटा तळहातात धरून आधी ऊबदार केली आणि अगदी हलकी ठेवली. तिने डोळे मिटले. बाईने श्वास सोडला आणि थांबवला. वॉर्डात कोणाचा तरी डबा खाली पडला, तरी तिची मान हलली नाही. थोड्या वेळाने तिच्या दुसऱ्या हाताची तर्जनी चादरीवर हलू लागली: एक जोराची टिचकी, मग लागोपाठ दोन हलक्या, आणि त्यानंतर ते बोट न उचलता चादरीवरून सावकाश, लांबवर ओढत गेलं.