अक्षराची पडछाया : एका रूढ अलंकाराची चिकित्सा

चित्रसंपादनाच्या संगणकीय साधनांत अक्षरांना पडछाया देण्याची जी सोय असते, तिच्याविषयी आपल्याकडे बहुधा दोनच मते ऐकू येतात. एका पक्षाला ती सर्वथा बाजारू वाटते. दुसऱ्या पक्षाला तिच्यावाचून मथळा पुरा झाल्यासारखा वाटत नाही. दोन्ही पक्ष हा प्रश्न अभिरुचीचा समजतात, आणि तेथेच चर्चा खुंटते. वस्तुतः पडछाया हे एक विधान आहे. अक्षर कागदाला चिकटलेले नसून कागदापासून किंचित उचललेले आहे, व प्रकाश अमुक एका दिशेने येत आहे, असे ती पाहणाऱ्यास सांगते. विधान म्हटले की ते साधार आहे काय, त्याची गरज होती काय, हे विचारता येते. देवनागरी मजकुराच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उपस्थित होतो, आणि तोच ह्या लेखात विशेष महत्त्वाचा आहे : ह्या विधानापायी अक्षराला स्वतःचे काय गमवावे लागते?

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वस्तूच्या अंगावरील छायाप्रकाश वेगळा आणि वस्तूने दुसऱ्या पृष्ठभागावर टाकलेली छाया वेगळी. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात वर्तनेचे पत्रज, ऐरिक व बिंदुज असे तीन प्रकार सांगितले आहेत. ते सारे पहिल्या जातीचे होत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत आकृतींना गोलाई आहे, पण त्या आकृतींची सावली जमिनीवर पडलेली सहसा दिसत नाही. पाश्चात्त्य मुद्रणातही हा भेद सापडतो. लंडनचे अक्षरओतारी व्हिन्सेंट फिगिन्स यांनी १८१५ मध्ये छटायुक्त खिळे विक्रीस आणले. त्यांतील काळी कड ही अक्षराची जाडी होती. अक्षर लाकडातून किंवा दगडातून कापून काढल्याप्रमाणे भासावे, एवढाच तिचा हेतू. तेथे अक्षर व भूमी यांच्यामध्ये पोकळी नाही. संगणकाची पडछाया मात्र नेमकी ही पोकळी सुचविते. ही दोन कामे वेगळी आहेत, आणि आपल्याकडील पुष्कळ मथळ्यांत दोन्ही एकाच अक्षरावर लादलेली दिसतात. अक्षर एकाच वेळी दगडात कोरलेले आणि हवेत तरंगणारे!

आता प्रत्यक्ष साधनाकडे वळू. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये निघाली आणि स्तरांची, म्हणजे लेयर्सची, सोय १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. तरीही पडछाया हाताने घडवावी लागे. अक्षराच्या आकृतीची एक प्रत घ्यावयाची, ती धूसर करावयाची, थोडी सरकवावयाची, काळ्या रंगाने भरावयाची आणि मूळ अक्षराखाली ठेवावयाची, असा तो खटाटोप होता. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत ही छाया स्तराचाच एक गुण म्हणून जोडता येऊ लागली. अक्षर बदलले की छायाही आपोआप बदलू लागली. श्रम वाचले हे खरे. परंतु जुन्या पद्धतीत करणाऱ्याला एक गोष्ट विसरता येत नसे : ही सावली नव्हे, ही अक्षराचीच दुसरी, पुसट केलेली प्रत आहे. खिडकीतील एका खुणेने ती मिळू लागल्यावर ह्या जाणिवेची जागा तयार आकड्यांनी घेतली.

ते आकडे तपासण्यासारखे आहेत. ज्या आवृत्त्यांतून ही सोय सर्वत्र पसरली, त्यांत मुळात मिश्रणाची रीत मल्टिप्लाय, अपारदर्शकता ७५ टक्के, प्रकाशाचा कोन १२० अंश, अंतर ५ पिक्सेल आणि धूसरतेचा आकार ५ पिक्सेल अशी मांडणी असे. मल्टिप्लाय म्हणजे खालच्या रंगाच्या मूल्याला वरच्या रंगाच्या मूल्याने गुणणे. काळ्याचे मूल्य शून्य असल्याने छाया पूर्ण गडद पडली असती. ७५ टक्क्यांमुळे तळाची एक चतुर्थांश उजळता शिल्लक राहते. १२० अंशांचा प्रकाश म्हणजे वरून, डावीकडून येणारा. साध्या त्रिकोणमितीने ५ पिक्सेल अंतराची छाया अडीच पिक्सेल उजवीकडे आणि सुमारे ४.३ पिक्सेल खाली सरकते. हे पिक्सेल प्रतिमेचे आहेत, अक्षराचे नव्हेत. त्यामुळे तोच आकडा पडद्यावरील बारीक मथळ्यास गुदमरवितो, आणि ३०० पिक्सेल प्रतिइंच अशा छपाईच्या चित्रात अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी भरून जवळजवळ नाहीसा होतो. छायेचे अंतर अक्षराच्या दंडाच्या जाडीशी ताडून ठरवावे, हा साधा विवेक त्या मांडणीत नाही.

याहून मूलगामी दोष असा की, निसर्गात जे एकमेकांशी बांधलेले असते ते येथे सुटे केलेले आहे. वस्तू भूमीपासून जसजशी दूर जाते तसतशी तिच्या छायेची कड विरळ होते, उपच्छाया रुंदावते. साधनात अंतर व धूसरता यांच्या पट्ट्या स्वतंत्र आहेत. तेव्हा दूरची परंतु धारदार, किंवा अगदी जवळची परंतु धुरकट अशी छाया सहज निर्माण होते. डोळ्याला काहीतरी चुकल्याचे जाणवते, पण काय ते सांगता येत नाही. सर्व स्तरांना एकच प्रकाश देणारी ग्लोबल लाइटची सोय आहे व ती उपयुक्तही आहे. मात्र ती फक्त कृत्रिम छायांचा आपापसांत मेळ घालते. मागच्या छायाचित्रात चेहऱ्यावर ऊन उजवीकडून पडले असेल, तर तिला त्याचा पत्ता नसतो. एका फलकावर दोन सूर्य उगवलेले आपण रोज पाहतो.

येथवरचे विवेचन कोणत्याही लिपीला लागू पडेल. देवनागरीचा प्रश्न याच्या पुढचा आहे. इंग्रजी पाट्या रंगविणाऱ्या कारागिरांत छटा अक्षराच्या डाव्या अंगास, खाली देण्याची रूढी आहे. तिचे कारण व्यावहारिक आहे : बी, डी, ई, के, पी, आर या अक्षरांचा सरळ दंड डावीकडे असतो आणि सरळ रेषेला छटा देणे सोपे जाते. देवनागरीत स्थिती उलटी आहे. ग, च, ज, त, न, प, म, य, व, स अशा बहुसंख्य व्यंजनांचा दंड उजवीकडे आहे. त्यामुळे संगणकाची उजवीकडे उतरणारी छाया आपल्या लिपीला योगायोगाने सोयीची ठरावयास हवी होती. दंडापुरती ती ठरतेही. पण शिरोरेषेने सारा हिशेब बिघडतो.

शिरोरेषा ही ओळीतील सर्वांत लांब आडवी रेघ. तिची छाया सलग खाली उतरते आणि अक्षराच्या पोटात शिरते. शिरोरेषा ३ पिक्सेल जाडीची धरली तर तिची छाया तिच्याखाली जेमतेम एक पिक्सेल सोडून सुरू होते, आणि धूसरतेमुळे तेवढी फटही बुजते. रेघ दुपटीने जाड भासते. अनुस्वाराचा बिंदू शिरोरेषेपासून जितका दूर असतो, साधारण तितकीच त्याची छाया खाली सरकते आणि तो रेघेला चिकटल्यासारखा दिसतो. सर्वांत मोठी हानी ध आणि भ यांची होते. ध आणि घ, भ आणि म ह्या जोड्यांत ओळख पटविणारी मुख्य खूण म्हणजे डाव्या अंगाशी शिरोरेषेत पडलेला खंड. शब्दाच्या मध्यभागी मागील अक्षराच्या शिरोरेषेची छाया उजवीकडे सरकून त्या खंडाच्या कडेशी पसरते. शब्दाच्या आरंभी अक्षराच्या स्वतःच्या गाठीची छाया तेच करते. धन आणि घन, भात आणि मात यांतील अंतर त्या दोन-तीन पिक्सेलांच्या पांढऱ्या जागेवर अवलंबून आहे. रोमन लिपीत पडछायेने अक्षर कुरूप होईल. देवनागरीत ते दुसरेच अक्षर होऊ शकते.

यावर कोणी म्हणेल की, छायेमुळे मजकूर अधिक स्पष्ट होतो असा सर्वांचा अनुभव आहे. तो अनुभव खोटा नाही. तो अर्धा आहे. छायाचित्रावर पांढरी अक्षरे ठेवली असता छाया अक्षराच्या विरुद्ध वर्णाची असते. खंडात, पोकळीत, बिंदूखाली जो काळोख साचतो तो पांढऱ्या रेषेला उठाव देतो. तेथे धचा खंड बुजत नाही, उलट ठळक होतो. पांढऱ्या भूमीवर काळी, निळी वा लाल अक्षरे असतील तर छाया अक्षराच्याच पक्षाची होते आणि त्याची मोकळी जागा गिळते. म्हणजे गुणदोष छायेत नसून अक्षर, छाया व भूमी यांच्या वर्णसंबंधात आहे. आणि स्पष्टता हाच हेतू असेल तर प्रकाशाच्या दिशेचे सोंगही नको. अंतर शून्य ठेवावे, धूसरतेचा आकार वाढवावा. अक्षराभोवती सर्व बाजूंनी सारखे काळसर वलय मिळते. ते उंचीचा दावा करीत नाही, शिरोरेषेला खाली ढकलीत नाही, आणि वाचनीयतेचे काम चोख करते. काही दृश्यांत याहूनही साधा उपाय म्हणजे चित्राचा तेवढाच भाग थोडा गडद करणे.

गेल्या काही वर्षांत पडद्यावरील रचनेत छायेविरुद्ध प्रतिक्रिया उमटली. २०१३ च्या आयओएस ७ मध्ये ॲपलने असले अलंकार मोठ्या प्रमाणावर उतरवून ठेवले. २०१४ मध्ये गूगलच्या मटेरिअल डिझाइनने छाया परत आणली, पण ती फलकांना व बटणांना, आणि प्रत्येकाची कल्पित उंची ठरवून. दोहोंपैकी दुसरी भूमिका अधिक विचारपूर्वक घेतलेली आहे असे मला वाटते. कारण तीत छायेला विधान म्हणून वागविले आहे. उंची सांगावयाची असेल तेथेच ती सांगितली जाते.

आपल्या शहरांतील फ्लेक्सच्या फलकांवर मात्र ह्या चर्चेचा परिणाम झालेला नाही. तेथे लाल अक्षराला पिवळी कड, तिला काळी पडछाया आणि मागे उगवता सूर्य अशी रचना अद्याप चालते. हाताने पाट्या रंगविणारा पेंटरही छटा देत असे, व ती पुष्कळदा भडक असे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याला छटा प्रत्येक अक्षराला वेगळी रंगवावी लागे. धच्या खंडापाशी त्याला कुंचला थांबविता येत असे, अनुस्वाराची छटा आखडती घेता येत असे. यंत्राची छाया सर्व अक्षरांवर सारखीच पडते. तीत ढवळाढवळ करावयाची झाल्यास छायेचा स्वतंत्र स्तर करून ती जागोजाग खोडावी लागते. फोटोशॉपमध्ये ही सोय आहे, फारशी अवघडही नाही, आणि मुख्य मथळ्याच्या चार-सहा अक्षरांपुरती ती करून पाहण्यास काही मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.