उशिरा पोचलेली ध्वनिमुद्रिका

एखादी कलाकृती तिच्या काळात दुर्लक्षित राहिली, एवढ्यावरून ती श्रेष्ठ ठरत नाही. परंतु तिचे मोल ठरविण्याचे राहून गेलेले काम त्यामुळे संपतही नाही. मुंबईच्या 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' या रॉक वाद्यवृंदाविषयी असेच म्हणावे लागते. 'ऑब्सेशन ७७' ही त्याची पहिली आणि शेवटची ध्वनिमुद्रिका. ती बाहेर पडली १९८१ मध्ये, वृंद मोडल्यानंतर. अधिकाऱ्याची बदली होऊन गेल्यावर जुन्या पत्त्यावर टपाल पोचावे, तशी. २०११ मध्ये अमेरिकेतील 'नाऊ-अगेन' या संस्थेने ती पुन्हा काढली, आणि परदेशी संग्राहकांनी तिचे कौतुक केले.

हे कौतुक आम्हांस अर्धेच पटते. परदेशी गीते हा वृंद तयारीने वाजवितो, पण ऐकताना मूळ गीताचीच आठवण होत राहते. शीर्षक-रचनेची गोष्ट निराळी. ती येथे दोन रूपांत आहे, एक जलद व एक संथ. तिचे नाते विलंबित-द्रुताशी जोडणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि एकच कल्पना दोन लयींत पारखून पाहण्याची ही वृत्ती नकलाकाराची नव्हे.

'हा सारा उसना माल' असा आक्षेप आपल्याकडे सहज घेतला जाईल. त्यास आमचे उत्तर असे की, १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, आणि त्यांच्या पदांच्या कित्येक चाली कानडी पदांवरून घेतलेल्या. त्या चालींस आज कोणी उसन्या म्हणत नाही. शिवाय रॉक मराठी घरास अगदीच परका नव्हता. आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे यांनी १९७४ मध्ये मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मधील जुडासची भूमिका गाजविली. आम्ही राहतो त्या मल्लेश्वरमात त्यागराजांच्या कृती ऐकत वाढलेला मुलगा गिटारही शिकतो, आणि त्यात येथे कोणास विसंगती वाटत नाही. मराठी समीक्षेने मात्र हे दालन बहुधा बंदच ठेवले.

उसनी चाल आपली होण्यास काळ लागतो, पुन्हा पुन्हा संधी लागते आणि चुका दाखविणारा जाणता श्रोताही लागतो. किर्लोस्करांनंतर देवल आले, खाडिलकर आले. प्रेक्षक तर पहिल्या प्रयोगापासून समोर बसलेला होता. येथे १९७० व १९७१ मध्ये एका सिगारेट कंपनीच्या 'सिमला बीट' स्पर्धेतून काही वृंदांची एखाददुसरी गीते तबकडीवर आली. संपूर्ण ध्वनिमुद्रिका फारच थोड्यांच्या वाट्यास आली.

म्हणून या पुनर्मुद्रणास हरवलेला ठेवा म्हणून मिरविणे आम्हांस मान्य नाही. तो एक आरंभ आहे, आणि आरंभाचे गुणदोष त्यात स्पष्ट दिसतात. दुसरी ध्वनिमुद्रिका निघाली असती, तर उसने किती आणि स्वतःचे किती, याचा निवाडा करता आला असता. तीच निघाली नाही, ही खरी हानी.