'डिस्क दिसत नाही' हे निरीक्षण नाही: एका रिकाम्या यादीची समीक्षा

समीक्षा म्हटलं की आपल्याला पुस्तक नाहीतर शोधनिबंध आठवतो. आज समीक्षेला घेतलाय तो इन्स्टॉलरचा एक स्क्रीन, आणि त्या स्क्रीनवर अडकलेल्या लोकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या 'हे करून बघा' छापाच्या टिपा. स्क्रीन ओरॅकलच्या ग्रिड इन्फ्रास्ट्रक्चरचा आहे. एएसएमचा डिस्क ग्रुप बनवण्यासाठी डिस्क निवडा, असं तो सांगतो. खाली डिस्कची यादी यायला हवी, पण यादी रिकामी असते. डेटाबेस किंवा डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्समध्ये संशोधन करायचं म्हणून ज्यांना स्वतःच्या हातानं क्लस्टर उभा करावा लागतो, त्यांच्यापैकी बरेच जण इथे येऊन थांबतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हा स्क्रीन आपल्याला निष्कर्ष दाखवतो आणि पुरावा स्वतःकडे ठेवतो. प्रचलित टिपा त्या निष्कर्षावर विश्वास ठेवून एका दमात चार गोष्टी बदलायला लावतात. त्यामुळे काम झालं तरी ते का झालं हे कळत नाही. संशोधन करणाऱ्याला हे परवडत नाही, का ते पुढे येईलच.

थोडी पार्श्वभूमी

ओरॅकल आरएसी म्हणजे मशीन अनेक, डेटाबेस एकच. प्रत्येक नोड त्याच डिस्कवर वाचतो आणि लिहितो. २००१ साली ९आय आवृत्तीबरोबर हे नाव आलं, त्याआधीच्या अवताराला ओरॅकल पॅरलल सर्व्हर म्हणत. डेटाबेसच्या जगात या 'शेअर्ड डिस्क' रचनेवर जुना वाद आहे. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ सालीच 'शेअर्ड नथिंग'ची बाजू मांडणारा निबंध लिहिला होता. त्या वादात आज शिरायचं नाही. एवढंच लक्षात घ्या, की शेअर्ड डिस्क रचनेत डिस्क ही सगळ्यांची असते. आपण तिला काही केलं, तर ते सगळ्यांच्या डिस्कला केलेलं असतं.

पुढे १०जी आवृत्तीत एएसएम आलं, म्हणजे डिस्कचं व्यवस्थापन ओरॅकलनं स्वतःकडे घेतलं. २००९ च्या ११जी रिलीज २ पासून क्लस्टरची स्वतःची नोंदवही आणि व्होटिंग डिस्क (कोणता नोड जिवंत मानायचा हे ठरवणारी) याही एएसएममध्ये ठेवता येऊ लागल्या. परिणाम असा की डेटाबेस तर दूरच, क्लस्टर उभा राहण्याआधीच डिस्क दिसाव्या लागतात.

रिकाम्या यादीमागच्या चाळण्या

यादी रिकामी आहे म्हणजे डिस्क नाही, असं आपण चटकन वाचतो. पण डिस्क त्या यादीत येण्याआधी निदान पाच चाळण्यांतून जाते. कुठल्याही एकीत अडकली, तरी पडद्यावर दिसणारा परिणाम सारखाच.

पहिली चाळणी कर्नलची. ऑपरेटिंग सिस्टिमला डिस्क दिसते का? इथे एक नेहमीचा चकवा आहे. एका नोडवर पार्टिशन केलं, तरी दुसऱ्या नोडच्या कर्नलकडे जुनाच तक्ता असतो. तिथे 'पार्टप्रोब' चालवून तो पुन्हा वाचायला लावावा लागतो.

दुसरी चाळणी ओळखीची. दोन्ही नोडवर 'एसडीबी' नावाची, तेवढ्याच आकाराची डिस्क आहे. ती एकच डिस्क आहे का? नाव हा पुरावा नव्हे. कर्नल ही नावं सापडण्याच्या क्रमानं देतो, ती रीबूटनंतर बदलू शकतात आणि दोन नोडवर वेगळी असू शकतात. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन मशीन बनवणाऱ्यांचं इथे हमखास फसतं. पहिलं मशीन क्लोन केलं की डिस्कचीही प्रत होते. नाव तेच, आकार तोच, डिस्क मात्र वेगळी. खरी शेअर्ड डिस्क हवी असेल, तर ती ठरीव आकाराची बनवून 'शेअरेबल' म्हणून दोन्ही मशीनना जोडावी लागते. खरी ओळख 'एससीएसआय-आयडी' ही आज्ञा देते, तो आकडा दोन्हीकडे जुळायला हवा. व्हीएमवेअरवर ही आज्ञा काहीच उत्तर देत नसेल, तर मशीनच्या सेटिंगमध्ये 'डिस्क डॉट एनेबल-यूयूआयडी' चालू आहे का ते बघा.

तिसरी चाळणी परवानगीची. इन्स्टॉलर 'रूट' म्हणून चालत नाही, तो 'ग्रिड' या युजरच्या नावानं चालतो. डिस्कची मालकी साधारणपणे 'ग्रिड' युजर आणि 'एएसएमॲडमिन' ग्रुपकडे आणि परवानगी ०६६० अशी लागते. 'रूट'ला डिस्क दिसते म्हणून इन्स्टॉलरलाही दिसेल, हे गृहीत धरू नका.

चौथी चाळणी शोधमार्गाची. एएसएम सगळीकडे शोधत नाही. 'डिस्कव्हरी स्ट्रिंग'मध्ये जो नमुना दिलाय, तेवढ्याच जागी शोधतो. डिस्क 'मॅपर'खाली आहे आणि नमुना 'एसडी'चा, तर ती सापडणार नाही.

पाचवी चाळणी सगळ्यांत रंजक आहे, कारण इथे डिस्क सापडलेली असते! एएसएम डिस्कचा सुरुवातीचा भाग, म्हणजे हेडर, वाचतं आणि तिला एक दर्जा देतं. 'कँडिडेट' म्हणजे घेता येण्याजोगी. 'फॉर्मर' म्हणजे पूर्वी कुठल्यातरी ग्रुपमध्ये होती, आता रीतसर सुटलेली. 'मेंबर' म्हणजे आत्ता एखाद्या ग्रुपची सदस्य. 'फॉरेन' म्हणजे एएसएमबाहेरचा काही डेटा असलेली. इन्स्टॉलरची यादी सहसा निवडण्याजोग्या डिस्कच दाखवते. पहिला प्रयत्न अर्धवट फसला असेल, तर डिस्कवर ग्रुपचा शिक्का राहून गेलेला असतो, म्हणून दुसऱ्या प्रयत्नात तीच डिस्क 'मेंबर' ठरून यादीतून गायब होते.

स्क्रीनचं काय चुकतं

या पाचही चाळण्या असायलाच हव्यात. दुसऱ्या कुणाच्या ग्रुपमधली डिस्क 'घ्या' म्हणून समोर न ठेवणं, ही सावधगिरी योग्यच आहे. माझा आक्षेप गाळण्याला नाही, गुपचूप गाळण्याला आहे. 'आठ डिस्क तपासल्या. तीन उघडता आल्या नाहीत, पाच आधीच एका ग्रुपच्या सदस्य आहेत' एवढी एक ओळ पुरली असती. ही माहिती प्रणालीकडे नाही असंही नाही. तेच एएसएम आज्ञेतून चालवलं तर वेगळं बोलतं. दिलेल्या वर्णनाशी एकही डिस्क जुळली नाही तर ओआरए-१५०३१, मार्ग शोधकक्षेत नसेल तर ओआरए-१५०१४, डिस्क उघडता आली नाही तर ओआरए-१५०२५. तीन कारणं, तीन संदेश. मग ग्राफिक स्क्रीनवर येताना त्यांची एकच शांतता का होते? सगळ्या डिस्क दाखवण्याचा पर्याय आणि शोधमार्ग बदलण्याचं बटण तिथे आहे, हे मान्य. पण ते कधी वापरायचं, हे ज्याला कारण आधीच माहीत आहे त्यालाच कळतं.

दुसरी तक्रार पूर्वतपासणीच्या स्क्रीनबद्दल. 'क्लूव्हफाय' हे तपासणीचं साधन चांगलं आहे, डिस्क खरंच सामायिक आहे का हे ते सांगू शकतं. पण त्यासाठी 'सीव्हीयूक्यूडिस्क' नावाचं छोटं पॅकेज प्रत्येक नोडवर लागतं. ते नसेल तर तपासणी अयशस्वी, आणि तिचा डिस्कच्या प्रकृतीशी काही संबंध नाही. शेजारीच 'सगळं दुर्लक्षित करा' अशी चौकट असते. खोट्या घंटा वाजल्या की माणूस ती चौकट टिचकवायला शिकतो, आणि मग खरी घंटाही त्याच टिचकीत जाते. मघाचा क्लोन डिस्कचा घोळ असाच पुढे सरकतो. पहिल्या नोडवर रूट स्क्रिप्ट बिनबोभाट पूर्ण होते, आणि दुसऱ्या नोडला त्याच्या डिस्कवर ग्रुप सापडतच नाही.

टिपांचं काय चुकतं

आता या दुखण्यावरच्या घरगुती औषधांकडे येऊ. तीन औषधं सगळीकडे भेटतात.

पहिलं: डिस्कला ७७७ परवानगी देऊन टाका. बऱ्याचदा यादी लगेच भरते, म्हणून हे लोकप्रिय आहे. पण आता त्या मशीनवरचा कुणीही युजर डेटाबेसच्या कच्च्या डिस्कवर लिहू शकतो. शिवाय 'डेव्ह'खालची ही नोंद दर रीबूटला नव्यानं बनते, त्यामुळे दिलेली परवानगी पुसली जाते आणि क्लस्टर उठत नाही. टिकाऊ उपाय म्हणजे यूडेव्हचा नियम, तोही डिस्कच्या खऱ्या ओळखीवर बांधलेला. तो नियमसुद्धा जुन्या टिपेतून आंधळेपणानं उचलू नका. रेड हॅट ६ च्या काळातले नियम डिस्कचं नावच बदलत. रेड हॅट ७ पासून ते चालत नाही, तिथे सिमलिंक जोडावी लागते. 'एससीएसआय-आयडी'ची जागाही बदललेली आहे.

दुसरं: एसईलिनक्स बंद करा, फायरवॉल बंद करा, परवानगी बदला, रीबूट करा आणि परत चालवा. समजा चाललं. कशामुळे? चार चल एकदम हलवल्यावर हा प्रश्न विचारायची सोयच उरत नाही. प्रयोगाच्या आखणीबद्दल पहिल्या सत्रात जे शिकवतात, ते इथे विसरायचं का?

तिसरं औषध जहाल आहे. 'डीडी' वापरून डिस्कच्या सुरुवातीला शून्यं लिहा. 'मेंबर'चा शिक्का पुसला जातो, डिस्क 'कँडिडेट' होते, यादी भरते. टिपेत हे एका ओळीत येतं. पण तो शिक्का आपल्याच फसलेल्या प्रयत्नाचा आहे, हे ठरवलं कुणी? विभागाच्या सामायिक स्टोरेजवर काम करताना समोरची डिस्क दुसऱ्या गटाच्या चालू डेटाबेसची असू शकते. इन्स्टॉलरनं ती लपवली ती याच भीतीनं, आणि टीप आपल्याला ती भीती पुसून टाकायला सांगते. 'केफेड' हे साधन हेडर वाचून ग्रुपचं नाव दाखवतं. ते एकदा वाचायला मिनिटही लागत नाही, आणि पुसलेलं हेडर परत आणायला काय लागेल याचा भरवसा नाही.

दुसरी बाजू

टिपा लिहिणाऱ्यांवर सगळा राग काढणं बरोबर नाही. रात्री दोन वाजता बंद पडलेली यंत्रणा उठवणाऱ्याला कारणमीमांसा नको असते. त्याला जे चाललं ते तो लिहून ठेवतो, आणि ते उपयोगी पडतं. अडचण तेव्हा होते, जेव्हा आपण त्याची नोंद पद्धत म्हणून उचलतो.

आपलं काम कुठे वेगळं ठरतं ते बघा. समजा प्रबंधाचा विषय आहे, स्टोरेजचा एक मार्ग तुटला तर क्लस्टर किती वेळात सावरतो. प्रत्येक डिस्कला दोन मार्ग आहेत, म्हणून ती 'एसडी'च्या दोन नावांनी दिसते आणि मल्टिपाथचं तिसरं नाव 'मॅपर'खाली येतं. शोधमार्ग सगळं व्यापणारा ठेवला, तर एएसएम एकच डिस्क दोनदा सापडल्याची तक्रार करतं, ओआरए-१५०२०. ही तक्रार घालवायला कुणी नमुना आकसून एकाच मार्गावर आणला, तर यादी भरते, इन्स्टॉल पूर्ण होतं, सगळं हिरवं दिसतं. पण आता एएसएम मल्टिपाथला वळसा घालून एकाच वाटेनं चाललंय. मग जे मोजाल ते दुसऱ्याच रचनेचं असेल, आणि आलेखावरून ते कुणालाच कळणार नाही.

मग करायचं काय

क्रम साधा आहे. आधी फक्त वाचणाऱ्या आज्ञा, त्याही प्रत्येक नोडवर. कर्नलला दिसते का? ओळखीचा आकडा जुळतो का? मग 'ग्रिड' युजर होऊन 'केफॉड' चालवा. एएसएम सुरू नसतानाही, दिलेल्या शोधमार्गावर कोणत्या डिस्क सापडतात ते हे साधन दाखवतं. तिथे सापडली आणि यादीत नाही, तर प्रश्न हेडरच्या दर्जाचा. तिथेही नाही, तर शोधमार्ग किंवा परवानगी. कुठली चाळणी ते कळल्यावर एकच गोष्ट बदला आणि पुन्हा बघा.

वहीत प्रत्येक वेळी तीन रकाने भरा: काय विचारलं, कुठल्या नोडवर, काय उत्तर आलं. 'डिस्क दिसत नव्हती, मग दिसली' अशी ओळ वहीत राहिली, तर प्रबंधातल्या 'प्रायोगिक मांडणी' प्रकरणात लिहायला हाताशी काही नसतं. याउलट 'दुसऱ्या नोडवर मालकी रूटकडे होती. यूडेव्हचा नियम जोडला. रीबूटनंतर दोन्ही नोडवर तीच ओळख, तीच परवानगी' एवढं लिहिलेलं असलं, की पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तीच मांडणी पुन्हा उभी करू शकतो आणि तुमचे आकडे तपासू शकतो.