तेहतीस पानी पत्र आणि नंतरचे बाप

१९३८ साली मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावातल्या एका वकिलानं बाल्टिमोरच्या एका डॉक्टरसाठी आपल्या मुलाची हकिकत लिहून काढली. टाइप केलेली ३३ पानं. मुलगा जेमतेम पाच वर्षांचा. लहानपणी कोणती गाणी अचूक सुरात गुणगुणायचा, कोणत्या वस्तू गरगर फिरवत बसतो, खाण्याकडे कसं लक्ष नाही, बायबलमधलं स्तोत्र कसं पाठ आहे, आईबाप खोलीत आले-गेले तरी त्याला त्याचं काहीच कसं नसतं, सगळं त्यात आहे. वकिलाचं नाव बीमन ट्रिपलेट, मुलाचं डोनाल्ड, डॉक्टर म्हणजे लिओ कॅनर. १९४३ मध्ये कॅनरनं अकरा मुलांवर निबंध लिहिला आणि ऑटिझम हे वेगळं निदान म्हणून उभं राहिलं. त्यातलं पहिलं मूल हा 'डोनाल्ड टी.'

आता पुढची गोष्ट ऐका. त्याच निबंधाच्या शेवटी कॅनर या मुलांच्या आईबापांकडे वळतो. त्यांच्यात मायेची ऊब असलेले फार थोडे, असं म्हणतो. आणि त्यांनी ठेवलेल्या बारीकसारीक नोंदी, डायऱ्या, लांबलचक पत्रं? तर तो म्हणे त्यांच्या पछाडलेपणाचा पुरावा. म्हणजे ज्या पत्रामुळे डॉक्टरला मुलगा दिसला, तेच पत्र बापाच्या विरोधात वापरलं गेलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा निबंध बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच चहा टाकला.

या महिन्याच्या भागात आपण ऑटिस्टिक मुलांच्या वडिलांनी लिहिलेल्या पुस्तकांवर बोललो. तासाभरात जे मावलं नाही ते इथे लिहितेय. आधी एक सांगून टाकते, म्हणजे माझा कल कुठे आहे ते कळेल. माझा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे, आता सव्वीस वर्षांचा. आम्ही न्यू जर्सीत वाढलो. आमच्याही घरी एक बाप नोंदी ठेवायचा. बाबांकडे टाइपरायटर नव्हता, कालनिर्णय होतं. डिसेंबरात भारतातून येणारं कोणी ना कोणी ते घेऊन यायचं आणि फ्रिजशेजारी लागायचं. आई त्यावर चतुर्थ्या आणि भिशीच्या तारखा बघायची. बाबा त्याच चौकोनांत बारीक अक्षरात लिहायचे. 'आज दोनदा पाणी म्हणाला.' 'वरणभात नाही. वरण वेगळ्या वाटीत दिल्यावर दोन्ही खाल्लं.' 'व्हॅक्यूम लावला. ४० मिनिटं रडला. रविवारी लावू नये.'

त्यामुळे बापांची पुस्तकं वाचताना मी नकळत एकच गोष्ट शोधत असते. हा माणूस नोंद ठेवतोय, की किल्ली शोधतोय?

किल्लीवाली पुस्तकं तुम्हाला माहीत असतील. रूपर्ट आयझॅकसनचं 'द हॉर्स बॉय' (२००९) हा त्यातला सगळ्यात ठळक नमुना. मुलगा रोवन घोड्याच्या पाठीवर बसला की शांत होतो, हे बापाला दिसतं. तिथून तो मुलाला घेऊन थेट मंगोलियात, गवताळ प्रदेशांतून घोड्यावरून, शामनांकडे जातो. पुस्तक वाचनीय आहे यात वाद नाही. पण त्यात मुलगा हळूहळू बापाच्या मोहिमेचं कारण होऊन बसतो. प्रवासाला सुरुवात आणि शेवट लागतो, डोंगर लागतो, डोंगरापलीकडे काहीतरी बदललेलं लागतं. घरातल्या मंगळवारला यातलं काहीच नसतं. गंमत म्हणजे या प्रवासात सोबत असलेली आई क्रिस्टिन नेफ ही स्वतःशी दयाळूपणे वागण्यावर संशोधन करणारी नामांकित मानसशास्त्रज्ञ आहे. हीच सफर तिनं सांगितली असती तर मी जास्त उत्सुकतेनं वाचली असती.

रॉन सस्किंडचं 'लाइफ, अ‍ॅनिमेटेड' (२०१४) मात्र असं एका वाक्यात उडवता येत नाही. तुमच्यापैकी अनेकांनी रॉजर रॉस विल्यम्सनं त्यावर केलेला २०१६ चा माहितीपट पाहिला असेल, ऑस्करच्या नामांकनात होता तो. ओवेन तीन वर्षांच्या आसपास बोलायचा थांबतो. डिस्नेचे सिनेमे मात्र पुन्हा पुन्हा बघतो. एके संध्याकाळी वडील पलंगावरच्या चादरीखाली शिरतात, हातावर 'अलादीन'मधल्या इयागो पोपटाचं बाहुलं चढवतात आणि त्याच्या खरखरीत आवाजात विचारतात, तुला तू असणं कसं वाटतं? आणि साडेसहा वर्षांचा ओवेन पोपटाला उत्तर देतो. बरं वाटत नाही, मला मित्र नाहीत.

या प्रसंगावर मी बराच वेळ थांबले. तो भावूक आहे, खरं. पण त्यात बाप नेमकं काय करतो ते बघा. तो मुलाला बाहेर ओढत नाही. स्वतः चादरीखाली जातो, स्वतःचा आवाज सोडतो आणि मुलाच्या भाषेत बोलतो. वॉशिंग्टनमध्ये नाव कमावलेला, पुलित्झर मिळवलेला पत्रकार जमिनीवर गुडघे टेकून पोपट होतो. संपूर्ण पुस्तकाचा जीव त्या चादरीखाली आहे. माझी तक्रार त्यानंतरची आहे. सस्किंडला तिथे थांबवत नाही. या अनुभवातून एक पद्धत निघते, तिला 'अ‍ॅफिनिटी थेरपी' असं नाव मिळतं. बापाला जे एका संध्याकाळी, एका मुलासोबत, जवळजवळ अपघातानं सापडलं, ते आता सगळ्यांना लागू पडायला हवं. मला त्यात बापांचा जुना अवघडलेपणा दिसतो. मुलाशी नुसतं खेळलो असं म्हणायला पुरुषाला संकोच वाटतो. शोध लावला, असं म्हणता आलं की बरं वाटतं.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या ग्रीनफेल्डांकडे येऊ. ते एकाच घरातले तीन लेखक आहेत.

जॉश ग्रीनफेल्ड हा न्यूयॉर्कचा ज्यू लेखक. 'हॅरी अँड टोंटो' या सिनेमाच्या पटकथेसाठी त्याला पुढे ऑस्करचं नामांकन मिळालं. बायको फुमिको जपानी, चित्रकार. दोन मुलगे, कार्ल आणि १९६६ मध्ये जन्मलेला नोआ. नोआ बोलायला लागतो आणि मग बोलणं गळत जातं. १९७२ मध्ये जॉशनं 'अ चाइल्ड कॉल्ड नोआ' प्रसिद्ध केलं. ती डायरी आहे. डायरीच आहे, डायरीसारखं लिहिलेलं पुस्तक नव्हे. तारीख येते, नोआ झोपला की नाही ते येतं, डॉक्टर आधीच्या डॉक्टरपेक्षा वेगळं काही सांगतात ते येतं, पैशांचा हिशेब येतो. नवराबायको भांडतात. कुटुंब लॉस एंजेलिसला हलतं. लोवास यांच्या पद्धतीनं शिकवणी होते, म्हणजे प्रत्येक बरोबर कृतीला खाऊ, आणि त्या काळात चुकीला शिक्षाही. काही दिवस आशा वाटते, मग नाही वाटत. पुढे आणखी दोन पुस्तकं आली, 'अ प्लेस फॉर नोआ' आणि 'अ क्लायंट कॉल्ड नोआ'. नुसती नावं वाचा. मूल, मग जागा, मग क्लायंट. मुलगा मोठा होत जातो तशी बापाची शब्दकळा सरकारी होत जाते. नोआला कुठेतरी ठेवावं लागेल, हा विचार तिन्ही पुस्तकांतून घोंघावत राहतो आणि जॉश तो गोड करून सांगत नाही.

यातली काही पानं आज वाचवत नाहीत. मुलाबद्दलचा राग आणि थकवा इतक्या उघडपणे छापायचा का, तोही त्याच्या नावानिशी, हा प्रश्न मला शेवटपर्यंत सुटला नाही. तरीही मी या डायरीच्या बाजूनं आहे. काळ लक्षात घ्या. १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइमचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' आलं होतं आणि थंड, नकोसेपणानं वागणाऱ्या आईमुळे मूल असं होतं हे शिकलेल्या लोकांना पटत होतं. आई आरोपीच्या पिंजऱ्यात असताना बापाला निदान साक्षीदार म्हणून बोलता येत होतं. जॉश त्या सवलतीचा उपयोग काय करतो, तर आज काय घडलं ते सांगतो. किल्ली नाही, डोंगर नाही. नोआ बरा होत नाही, आणि तरी पुस्तक कोसळत नाही.

फुमिकोनं काय केलं? तिनं जपानीत लिहिलं. फुमिको कोमेतानी या नावानं लिहिलेल्या तिच्या 'पासओव्हर' या कथेला १९८५ सालचं आकुतागावा पारितोषिक मिळालं, जपानमधल्या मोठ्या साहित्य पुरस्कारांपैकी एक. अमेरिकन ज्यू नवरा, अपंग मुलगा आणि सणाच्या जेवणाला जमलेलं सासर, यांत अडकलेली जपानी बाई तिथे बोलते. नवऱ्याच्या इंग्रजी डायरीत ती 'फुमी' म्हणून येते, थकलेली, चिडलेली, कामात बुडालेली. स्वतःच्या भाषेत गेल्यावर ती अचानक तिखट, अन्यायी आणि विनोदी होते. परदेशात संसार केलेल्या आपल्या कुठल्या मावशीला फोनवर बहिणीशी बोलताना ऐकलंय ना तुम्ही? तोच फरक.

तिसरा कार्ल. 'नोआचा भाऊ' ही ओळख घेऊन वाढलेला. त्याचं 'बॉय अलोन' २००९ मध्ये आलं. ते वाचायचा बेत असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. पुस्तकाच्या उत्तरार्धात नोआ सुधारायला लागतो. बोलतो, माणसांत मिसळतो. वाचक म्हणून तुम्ही सुटकेचा श्वास सोडता, आणि मग कार्ल सांगतो की हे सगळं मी रचलंय. मला तेव्हा फसवल्यासारखं वाटलं, राग आला. नंतर कळलं की राग माझ्याच अपेक्षेचा होता. एवढी पुस्तकं वाचून, घरात सव्वीस वर्षं राहून, मीसुद्धा त्या सुधारणेची वाट बघत होते. बापांच्या पुस्तकांवरची याहून कठोर समीक्षा मी वाचलेली नाही, आणि ती एका भावानं केलीय.

ऑटिस्टिक माणसांनी हे आधीच सांगितलं होतं. १९९३ मध्ये टोरंटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर यांनी 'डोन्ट मोर्न फॉर अस' मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की तुम्ही ज्याच्यासाठी रडताय ते मूल कधी जन्मलंच नव्हतं. जे जन्मलंय ते समोर वाट बघतंय, त्याच्याकडे या. सस्किंडचा पोपट चादरीखाली जातो तेव्हा नेमकं हेच करतो, सिद्धांताशिवाय. आपल्या 'स्वमग्न' या शब्दाबद्दलही मला इथे कुरकुर करायचीय. मूळ ग्रीकचं सरळ भाषांतर आहे, चूक कोणाची नाही. पण माझ्या भावाइतका वरणाच्या वाटीत मग्न माणूस मी पाहिला नाही, आणि त्यात 'स्व' कुठे होता ते मला अजून सापडलेलं नाही.

आता भाषेचं. भाऊ चार वर्षांचा असताना एका स्पीच थेरपिस्टनं घरी सांगितलं, एकच भाषा ठेवा, इंग्रजी. हा सल्ला तेव्हा सर्रास मिळायचा, तुमच्याही ओळखीत कोणाला मिळाला असेल. आजवरच्या अभ्यासांत दोन भाषा ऐकल्यानं ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं असं दिसलेलं नाही. पण आईबाबांनी तेव्हा ऐकलं. गेल्या वर्षी मी ती कॅलेंडरं माळ्यावरून काढली. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून चौकोनातली अक्षरंही इंग्रजी झालीत. 'सेड वॉटर. वन्स.' 'नो राइस.' बाबा घरात सराव व्हावा म्हणून स्वतःशीही इंग्रजीत लिहायला लागले असावेत. आधीच्या जुलैत एका चौकोनात मावेना म्हणून बाण काढून त्यांनी पुढच्या तीन दिवसांच्या जागेत लिहिलंय, भावानं खिडकीतून पाऊस बघितला त्याबद्दल. ऑगस्टनंतर एकही बाण नाही. ट्रिपलेटची ३३ पानं वाचताना मला सतत तो बाण आठवत होता. माणूस आपल्या भाषेत असला की त्याला जागा पुरत नाही.

हे इथे लिहू का, असं बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मला काय विचारतेस? त्याला विचार." ट्रिपलेटनं डोनाल्डला विचारलं नव्हतं, ग्रीनफेल्डनं नोआला नाही. मी विचारलं, मराठीत, मग इंग्रजीत, मग नुसतं कॅलेंडर दाखवून. भावानं सगळी कॅलेंडरं माझ्या हातून घेतली, वर्षांप्रमाणे लावली आणि खोक्यात भरली. वरचं एक परत काढून मला दिलं. त्याचा अर्थ हो असा होतो का, मला खात्री नाही. म्हणून वर ज्या नोंदी दिल्यात त्या फक्त त्या एका वर्षातल्या आहेत.