पासवर्डचा तक्ता

एका शाळेच्या संगणक-कक्षात आम्ही एक तक्ता पाहिला. पासवर्ड आठ अक्षरांचा असावा, त्यात एक मोठे अक्षर, एक अंक व एक चिन्ह असावे, दर तीन महिन्यांनी तो बदलावा. 'डिजिटल नागरिकत्वा'च्या तासाला मुलांनी हे पाठ करायचे. (त्याच खोलीतल्या संगणकाचा पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेला होता. असो.)

अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणके व तंत्रज्ञान संस्थेतील बिल बर यांनी २००३ साली तयार केलेल्या मार्गदर्शिकेतून असे नियम जगभर पसरले. २०१७ साली खुद्द बर यांनीच त्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी संस्थेनेही चिन्हांचा व मुदतीने बदलण्याचा आग्रह सोडून लांबीवर भर दिला. तक्ता भिंतीवर आहे तसाच आहे.

पण तो जुना आहे, ही आमची मुख्य तक्रार नव्हे. त्यात 'का?' कुठेच नाही, ही आहे. गणित तर घातांकांचे, आठवीच्या मुलाला जमणारे. कळफलकावरची ९४ अक्षरे-चिन्हे घेऊन आठ जागा भरल्या, तर शक्यता होतात सुमारे ६ वर १५ शून्ये इतक्या. नुसती २६ लहान रोमन अक्षरे घेऊन बारा जागा भरल्या, तर सुमारे ९५ वर १५ शून्ये. म्हणजे पंधरापट! अर्थात अक्षरे चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तरच. रोमन लिपीत, पहिले अक्षर मोठे काढून लिहिलेला 'पुणे@१२३' तक्त्यातल्या सगळ्या अटी पुऱ्या करतो, आणि असले शब्द तर चोर सर्वांत आधी लावून पाहतो.

शिवाय मुलाने आपणहून सांगितलेल्या पासवर्डला लांबीचा काय उपयोग? 'पैसे मिळण्यासाठी पिन टाका' असा निरोप येतो. यूपीआयमध्ये पिन म्हणजे आपल्या खात्यातून पैसे देण्याची संमती. पैसे घ्यायला तो लागतच नाही. एवढे समजलेला विद्यार्थी उद्याची नवी थापही ओळखू शकेल. 'अनोळखी माणसाला पिन सांगू नये' एवढेच पाठ केलेला मात्र फसेल, कारण फोनवरचा माणूस स्वतःला बँकेतला साहेब म्हणवतो.

त्या तासाला सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, ओळखीच्यांनीच मागितला तर?" सरांनी तक्त्याकडे पाहिले आणि पुढचा नियम वाचायला घेतला.