गुप्त पोलिसाचा पगार

इंग्रजी डिटेक्टिव्ह कथांचें परीक्षण आजवर बहुधा त्यांच्या कथानकाच्या गुंफणीवरून होत आलें आहे. सुगावे वाचकास प्रामाणिकपणें दिले कीं नाहींत, खुनी शेवटपर्यंत लपला कीं नाहीं, एवढेंच टीकाकार पाहतात. आम्हांस या वाङ्मयास निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे: या कथांतील सरकारी डिटेक्टिव्हास पगार किती, आणि तो न पुरल्यास त्यानें दाद कोठें मागावी?

प्रश्न अरसिकपणाचा वाटेल. पण तो अप्रस्तुत नाहीं. स्कॉटलंड यार्डांत डिटेक्टिव्ह शाखा निघाली ती १८४२ सालीं. तींत दोन इन्स्पेक्टर व सहा सार्जंट, मिळून आठ माणसें होतीं. डिकन्सनें या मंडळींस मोठ्या कौतुकानें वाङ्मयांत आणिलें. विल्की कॉलिन्सच्या ‘मूनस्टोन’ (१८६८) कादंबरींतील सार्जंट कफ आम्हांस विशेष सजीव वाटतो, कारण नोकरी संपवून गुलाबांची बाग करावी ही त्याची आस आहे. पोलिसास निवृत्तिवेतनाचा कायदेशीर हक्क पुढें १८९० सालीं मिळाला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे कफची ती आस केवळ विक्षिप्तपणा राहत नाहीं.

परंतु १८८७ सालीं शेरलॉक होम्स अवतरला आणि कॉलिन्सनें दाखविलेली ही वाट बुजली. होम्स कोणाचा चाकर नव्हे. सरकारी चाकर जो लेस्ट्रेड, त्याच्या वांट्यास चुकणें आणि हंसें करून घेणें एवढेंच आलें. वाचकासही असाच शोधक हवा होता, ज्यास महिनाअखेरीची काळजी नाहीं.

आतां लेस्ट्रेडच्या खऱ्या भाऊबंदांची हकीकत पाहूं. लंडन पोलिसांतील जॉन साइम नांवाच्या इन्स्पेक्टरानें दोन शिपायांची बाजू घेतली; त्यांतून वरिष्ठांशीं कलह वाढून १९१० सालीं तो बडतर्फ झाला. त्याच्याच खटपटीनें १९१३ सालीं पोलिसांचा संघ निघाला. वरिष्ठांनीं त्यास मान्यता दिली नाहीं. सभासद होणें म्हणजे नोकरीवर पाणी सोडणें होतें. दुसऱ्यांचीं गुपितें उघडकीस आणणाऱ्या खात्यांतील माणसांस आपलें सभासदत्व लपवून ठेवावें लागलें! पहिल्या महायुद्धांत महागाई दुपटीवर गेली, पगार मात्र मागें राहिला. थील नांवाच्या शिपायास संघाच्या कार्याबद्दल काढून टाकतांच ३० ऑगस्ट १९१८ रोजीं लंडनच्या पोलिसांनीं संप पुकारला. मुख्य प्रधान लॉइड जॉर्ज यांनीं दुसऱ्याच दिवशीं पुढाऱ्यांस भेटून पगारवाढ दिली, थीलला परत घेतलें. पण युद्धकाळांत संघास मान्यता देतां येणार नाहीं, असें सांगितलें.

कमिशनर सर एडवर्ड हेन्री यांस पायउतार व्हावें लागलें. हे गृहस्थ पूर्वीं बंगालचे पोलीसप्रमुख होते. बोटांच्या ठशांची जी पद्धत त्यांच्या नांवानें ओळखली जाते, ती तेथेंच अझिझुल हक व हेमचंद्र बोस या हिंदी सहकाऱ्यांच्या बुद्धीनें सिद्ध झाली. गुन्हेगाराच्या बोटांवरील रेषा वाचणाऱ्या खात्यास स्वतःच्या शिपायांच्या चेहऱ्यांवरील असंतोष वाचतां आला नाहीं.

१९१९ सालीं डेस्बरो समितीनें शिपायाचा आरंभीचा पगार आठवड्यास ७० शिलिंग करावा अशी शिफारस केली, आणि असंतोषाचें मूळच खुडलें गेलें. त्यामुळें ऑगस्ट १९१९ चा दुसरा संप फसला. लिव्हरपूलमध्यें मात्र सुमारें निम्मे पोलीस बाहेर पडले. लुटालूट झाली, लष्कर आलें. सर्वत्र मिळून दोन हजारांहून अधिक संपकरी कायमचे बडतर्फ झाले. त्याच सालच्या कायद्यानें पोलिसांस कामगारसंघ व संप वर्ज्य करून सुपरिंटेंडेंटच्या खालच्या सर्वांसाठीं ‘पोलीस फेडरेशन’ ही मान्य संस्था दिली. गणवेषांतला शिपाई आणि साध्या वेषांतला डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर तींत एकत्र आले. लेस्ट्रेडही तिचा सभासद ठरता.

यानंतर अवघ्या वर्षानें, १९२० सालीं, अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी निघाली. तींत स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर जॅप आहे. पण त्याच्या खात्यावर नुकतेंच कोणतें वादळ येऊन गेलें, याची तेथें चाहूलही नाहीं.

कथा करमणुकीसाठीं आहे, असें कोणी म्हणेल. मान्य, पण करमणूकही समाजाचें मत घडवीत असते. हा प्रश्न परक्यांचाही नव्हे. आपल्याकडे १९६६ च्या कायद्यानें पोलिसांच्या संघस्वातंत्र्यास बंधनें घातलीं, आणि ऑगस्ट १९८२ मध्यें मुंबईच्या पोलिसांचा असंतोष रस्त्यावर आला, तेव्हां तेथेंही दंगल उसळून लष्कर बोलवावें लागलें. लिव्हरपूलची लूट आठवून पोलिसाच्या हातीं संपाचें शस्त्र देण्यास आम्हीही कचरूं. परंतु ज्याचें शस्त्र समाज काढून घेतो, त्याचें गाऱ्हाणें वेळेवर ऐकण्याची जबाबदारी त्याच समाजावर पडते. ती जबाबदारी ओळखण्यास लागणारी सहानुभूति वाङ्मयाखेरीज कोण देणार? आमच्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर दोन पिढ्या वाढल्या, आणि धनंजयाच्या साहसांत आम्हीही रमलों. पण सार्जंट कफच्या बागेपासून पुढें जाणारी वाट मराठींतही अजून कोणीतरी चालावयाची आहे.