‘छेदणे’ या क्रियापदाची मर्यादा

रेषा बहुभुजाकृतीला छेदते किंवा नाही, हा प्रश्न भूमितीचा मानला जातो. परंतु त्यातील पहिली अडचण शब्दार्थाची आहे. भिवंडी तालुक्याचा नकाशा ही एक बहुभुजाकृती समजावी. १९९९ साली कार्यान्वित झालेली चंद्रपूर–पडघा ही ७५२ किलोमीटरची एकदिश प्रवाहाची वीजवाहिनी तालुक्याबाहेर सुरू होऊन तालुक्यात संपते. म्हणून ती सीमेला छेदतेच, आणि आरपार छेदांची संख्या विषमच येते. याउलट भिवंडी–पडघा रस्ता सर्वस्वी तालुक्याच्या आत आहे. केवळ बाजू तपासणारी रीत त्यास ‘छेदत नाही’ म्हणते; संगणकीय नकाशाशास्त्रात मात्र एक बिंदू जरी सामाईक असला तरी उत्तर होकारार्थी असते. दोन्ही उत्तरे आपापल्या व्याख्येपुरती शुद्धच होत. दोष आहे तो सीमा आणि क्षेत्र या दोहोंसाठी एकच क्रियापद योजण्याचा. मराठीत छेदणे म्हणजे कापणे. आत सामावलेल्या वस्तूविषयी ते कोणी योजीत नाही. सबब सीमेसाठी ‘छेदणे’ व क्षेत्रासाठी ‘सामाईक बिंदू असणे’ हा भेद कटाक्षाने पाळावा. अन्यथा तालुक्यातील रस्त्यांच्या यादीतून तालुक्यातलाच रस्ता गळेल, आणि गणित मात्र बिनचूक ठरेल.